माशी नव्हे, अळी गाठा

आषाढात तुकोबांची पालखी उंडवडीहून बारामतीत येते आणि सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापूर गाठते. माश्यांचाही हंगाम नेमका हाच. या पट्ट्यात पोल्ट्री आणि गोठे दाट आहेत. पावसाने शेडखालची विष्ठा भिजली की आठ-दहा दिवसांत माश्या घरातल्या ताटांवर बसतात. मग तक्रारी, भांडणे आणि फवारणी.

फवारणीने उडणारी माशी मरते, खतातली अळी वाचते. घरमाशीची मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते. उबदार, ओल्या खतात त्यांच्या माश्या व्हायला 7 ते 10 दिवस पुरतात. एकच औषध वारंवार मारले, तर पुढे माश्या त्यालाही दाद देत नाहीत.

तोडायची आहे ती ओल. पोल्ट्रीतल्या पाण्याची गळती थांबवावी, विष्ठा कोरडी राखावी. गोठ्यातले शेण आठवड्यातून दोनदा तरी उचलून ढीग प्लास्टिकने घट्ट झाकावा. आतल्या उष्णतेने अळ्या मरतात. जनावरांच्या पायांना चावणारी माशी मात्र वेगळी. ती कुजक्या, ओल्या वैरणीतही वाढते. पाठीवर चार काळे पट्टे असलेली घरमाशी चावत नाही, पण विष्ठेवरचे जंतू पायांवरून आणि लाळेतून अन्नावर आणते. पोल्ट्रीवाल्याला बोल लावणाऱ्यांच्या घरामागचा उकिरडाही बहुधा उघडाच असतो.

लहान मुलाला जुलाब लागले तर लगेच ओआरएस सुरू करावे, अंगावरचे दूध तोडू नये. डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली तर तडक दवाखाना गाठावा.