माठाची किंमत आणि मातीचा वाटा



गेल्या मे महिन्यात एका लग्नानिमित्त उज्जैनला जाणे झाले. रस्त्याच्या कडेला माठांची रास मांडून एक कुंभारीण बसली होती. किंमत ऐकून मी सवयीने म्हणालो, "बाई, मातीचा तर माठ, त्याला एवढे पैसे?" ती शांतपणे म्हणाली, "बाबूजी, माती तरी आता फुकट कुठे मिळते?" मी निरुत्तर झालो. सांगितली तेवढी किंमत देऊन माठ घेतला. तिचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, कारण माती ही तर आपणा शेतकऱ्यांच्या हातातली गोष्ट!

उज्जैनच्या परिसरात हा धंदा फार जुना आहे. शहराच्या पूर्वेला सुमारे २५ किलोमीटरवर, छोट्या काली सिंध नदीकाठी कायथा हे गाव आहे. तेथे उज्जैनच्या विक्रम विद्यापीठातील डॉ. वि. श्री. वाकणकर यांनी १९६५ ते १९६७ या काळात उत्खनन केले. पुढे १९६८ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संशोधकही त्यात सामील झाले. चार हजार वर्षांपूर्वीची रंगवलेली मडकी तेथे सापडली, आणि भाजलेल्या मातीचे लहान लहान बैलही. आज पोळ्याला आपल्या बाजारात मातीचे बैल येतात, त्यांचेच हे पूर्वज म्हणावेत. शेतकरी आणि कुंभार यांचा शेजार इतका जुना आहे.

माळव्याची काळी माती गव्हाला आणि सोयाबीनला उत्तम. पण ती वाळताना आकसते व भेगाळते. म्हणून नुसत्या काळ्या मातीची मडकी टिकत नाहीत. कुंभाराला तळ्यातला किंवा नदीकाठचा चिकण गाळ लागतो. तो चाळायचा, त्यात राख, वाळू किंवा लीद मिसळायची, तुडवायचा, चाकावर चढवायचा, थापटीने ठोकायचा, सावलीत वाळवायचा आणि मग आव्यात भाजायचा. मध्येच अवकाळी पाऊस आला तर कच्च्या मालाचा चिखल होतो. उभे पीक झोपल्याचे दुःख आपणास ठाऊक आहे. हे दुःखही त्याच जातीचे.

आज तळी बुजली, गायराने वेढली गेली. आपल्यातले काहीजण शेताचा वरचा कसदार थर वीटभट्टीला विकतात. चार पैसे मिळतात, पण तो थर पुन्हा तयार व्हायला पिढ्या जातात. कुंभाराला मात्र आपले शेत नको, तळ्याचा थोडा गाळ हवा. महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून तलावांतला गाळ शेतात पडतो. त्या गाळात गावच्या कुंभाराचाही वाटा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रामसभेत आपणच हा विषय मांडावा. सरकार विजेवर चालणारी चाके देते, ते चांगलेच. पण चाकावर ठेवायला माती नसेल तर चाक काय कामाचे?

फ्रीज फेकून द्या, असे मी म्हणत नाही. पण माठ वापरायचा तर नीट वापरावा :

१. माठ पाणी गार करतो, शुद्ध करीत नाही. छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, एवढेच. म्हणून पाणी गाळून, उकळून, निवल्यावर माठात भरावे.

२. माठात हात बुडवू नये. लांब दांड्याचे ओगराळे वापरावे व झाकण ठेवावे.

३. माठ काथ्याने घासावा. साबण छिद्रांत राहतो. क्षारांनी छिद्रे बुजली की गारवा कमी होतो, तेव्हा नवा माठ घ्यावा.

४. चकचकीत झिलईच्या भांड्यात लोणचे किंवा चिंच ठेवू नये. काही झिलईत शिसे असते व आंबटाने ते उतरते.

५. जुना माठ टाकू नये. तो फुटका नसेल आणि छिद्रे पुरती बुजली नसतील, तर नव्या रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरून पाणी भरावे व तोंड झाकावे. पाणी मुळाशी हळूहळू झिरपते आणि उन्हाळ्यात रोप तगते.

यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी गेला, तेव्हा हातात बिघडलेल्या मातीचे कुंभाराने पुन्हा दुसरे भांडे घडवले, हे आपण मिस्सेत ऐकतो. माती पुन्हा घडवता येते. पण कुंभाराचा मुलगा चाक सोडून शहरात हमालीला गेला, तर त्याचे हात पुन्हा चाकावर येणे कठीण.

तेव्हा यंदा दोन गोष्टी करू या. गावच्या कुंभाराला गाळ नेऊ देऊ, आणि माठ घेताना घासाघीस करणार नाही.