निवड कोणाची, सही कोणाची?

डॉक्टर पारखून निवडावा, असा सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. सल्ला चांगलाच आहे. पण किनवटच्या तांड्यावर रात्री दोन वाजता कळा सुरू झालेल्या बाईने कोणाला पारखायचे? १०८ ची गाडी नेईल तो दवाखाना आणि तिथे ड्युटीवर असेल तो डॉक्टर. तातडीच्या वेळी रुग्णाला निवड नसते. म्हणूनच कायद्याने भार डॉक्टरवर टाकला आहे. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, आधी जीव वाचवा, सोपस्कार नंतर. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरला रुग्ण निवडण्याची मुभा दिली, पण आणीबाणीत मात्र नाही.

डॉक्टर रुग्णाची निवड करू लागला की काय होते, ते बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नोंदवून ठेवले आहे. काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १९२९ च्या डिसेंबरात 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची ओली बाळंतीण आजारी पडली. नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा डॉक्टर आला, तोही वस्तीच्या बाहेरपर्यंतच. बाईला तान्ह्या बाळासह बाहेर आणावे लागले. थर्मामीटर डॉक्टरने एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. न्यूमोनिया सांगून डॉक्टर गेला, पुन्हा आला नाही. बाई वारली.

आज थर्मामीटर असे हातोहात फिरत नाही. अनामत रक्कम मात्र आडवी येते.

३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ जीव गेले, त्यात १२ नवजात बाळे होती. खासगी दवाखान्यांनी शेवटच्या घटकेला रुग्ण पाठवले, असा खुलासा झाला. (त्याच आठवड्यात तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. अधिष्ठाता आदिवासी समाजाचे. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला.) तो खुलासा खरा धरला, तरी आमचा प्रश्न उरतोच: शेवटची घटका येईपर्यंत ते रुग्ण कुठे होते?

आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. घरचे दागिने मोडून होतात, बिल थांबत नाही. मग नातेवाइकांपुढे एक कागद येतो: 'आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण नेत आहोत.' खाली सही किंवा अंगठा. कागदोपत्री ही रुग्णाची निवड! पैसा संपला ही गोष्ट त्या कागदावर कुठेच नसते. तिकडे लातूर दरवर्षी राज्यभरातून 'नीट'ची पोरे बोलावून डॉक्टर घडवते. त्यातले आपल्या खेड्यात किती येतात, हे औसा-निलंग्याच्या माणसाला विचारा.

खरी निवड सुरू होते ती जीव स्थिर झाल्यावर, आणि तिथे आपला समाज गप्प बसतो. 'डॉक्टरसाहेब रागावतील' ही भीती सोडली पाहिजे. आचारसंहितेनुसार उपचाराचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळाले पाहिजेत. मागणी लेखी करा, पोच घ्या. ते कागद दुसऱ्या डॉक्टरला दाखवणे हा गुन्हा नाही. पैसे भरण्याआधी दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते विचारा, असेल तर आरोग्यमित्राला गाठा. २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावाने ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात नांदेड होते. तरीही वस्त्यांमध्ये आरोग्यमित्र हा शब्द माहीत नसलेली माणसे आम्हाला भेटतात.

आणि 'स्वतःच्या जबाबदारीवर' हा कागद पुढे आला, तर सहीच्या वर आपल्या हाताने खरे कारण लिहा: पैसे नाहीत म्हणून नेत आहोत. त्याची झेरॉक्स मागून घ्या.