पुन्हा तीच पायरी



विमानातून उडी घ्यायची, काही काळ मुक्तपणे खाली यायचे आणि ठरलेल्या उंचीवर छत्री उघडून सुखरूप जमिनीवर उतरायचे, या साहसी खेळाला स्कायडायव्हिंग म्हणतात. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांच्यामुळे हा शब्द मराठी घरांत पोहोचला. २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून त्यांनी घेतलेली उडी अनेकांना आठवत असेल. विक्रम सर्वांच्या डोळ्यांत भरतात. या खेळाच्या शिक्षणक्रमातील एक साधी रीत मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आणि आपल्या घरांच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे. ती रीत अशी की, जी पायरी साधली नाही ती पुन्हा करायची, आणि ती साधेपर्यंत पुढच्या पायरीवर पाऊल ठेवायचे नाही.

विनाकारण जीव धोक्यात घालणाऱ्या खेळाचे श्रावकाने कौतुक का करावे, अशी शंका कोणी घेईल. त्या खेळाची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. परंतु जेथे चूक झाल्यास सावरायला क्षणांचाच अवधी असतो, तेथे शिकवणारे लोक न जमलेल्या धड्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, हे जाणून घेणे बोधप्रद आहे.

अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल’ नावाची शिक्षणपद्धती रूढ झाली आणि पुढे ती अनेक देशांत पसरली. प्रशिक्षण केंद्राप्रमाणे तिच्या सात किंवा आठ पायऱ्या असतात. पहिल्या तीन पायऱ्यांत दोन प्रशिक्षक विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंनी धरून त्याच्यासह उडी घेतात. चौथ्या पायरीपासून एकच प्रशिक्षक सोबत राहतो. साधारण १३,००० फुटांवर विमानाबाहेर पडायचे आणि ५,५०० फुटांच्या सुमारास छत्री उघडायची. मधले पतन ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने होते आणि त्याला लागतात अवघी ४५ ते ५० सेकंदे. तेवढ्या वेळात विद्यार्थ्याने क्षितिज पाहायचे, मनगटावरच्या अल्टिमीटरवर उंची वाचायची, छत्रीच्या मुठीपर्यंत हात नेण्याचा सराव करायचा, शरीर स्थिर ठेवायचे आणि नेमक्या उंचीवर, कोणी सांगण्याची वाट न पाहता, स्वतःच्या हाताने छत्री उघडायची.

शरीर स्थिर ठेवणे म्हणजे बळ लावणे नव्हे. कंबर पुढे, हातपाय किंचित मागे, अशी कमान शरीराला दिली की बॅडमिंटनचे फूल जसे आपोआप एका बाजूने खाली येते तसा माणूस पोटाच्या बाजूने तोल राखून खाली येतो. मात्र एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा अधिक वाकला तरी शरीर गोल फिरू लागते. ताणलेल्या शरीराला तर हवा जणू स्वीकारतच नाही. त्या वेगात बोलणे ऐकू जात नाही, म्हणून प्रशिक्षक हाताच्या खुणांनी सांगतात : दोन बोटे सरळ दाखवली तर पाय लांब कर, एक बोट दाखवले तर छत्री उघड.

पुष्कळांचे पहिल्या झटक्यात जमत नाही. कोणी आकाशाच्या विस्ताराने इतका भारावतो की उंची पाहायची विसरतो, तर कोणाला समोरची खूण दिसते पण तिचा अर्थ मेंदूपर्यंत पोहोचत नाही. एखादा गोल फिरू लागतो आणि आपण फिरत आहोत हेच त्याला कळत नाही. अशा वेळी प्रशिक्षक ती पायरी पुन्हा करायला सांगतो. विद्यार्थ्याचा पुन्हा खर्च होतो, मित्र पुढे गेलेले असतात, मनाला लागते. पण थोडे गणित करून पाहावे. सात पायऱ्यांच्या सात उड्यांचा मुक्त पतनाचा एकूण वेळ जेमतेम सहा मिनिटे भरतो. सायकल शिकणाऱ्या मुलाला पहिल्या संध्याकाळी याहून अधिक सराव मिळतो. ज्याला एक पायरी दुसऱ्यांदा करावी लागली, त्याने फक्त आणखी पाऊण मिनिट मागितले आहे.

तेवढे पाऊण मिनिट नाकारले तर काय होईल? तिसऱ्या पायरीत प्रशिक्षक विद्यार्थ्याला काही क्षण मोकळे सोडतात आणि तो आपला आपण स्थिर राहतो का, हे पाहतात. चौथ्या पायरीपासून धरणारे दोघे नसतात. तेथून पुढे वळणे, कोलांट्या, एकट्याने विमानाबाहेर पडणे असा क्रम असतो. तिसरी पायरी न साधलेल्या विद्यार्थ्याला भीड म्हणून किंवा दया म्हणून चौथीवर पाठवले, तर ती दया त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून तेथे ‘पुन्हा कर’ असे म्हणणारा प्रशिक्षक कठोर समजला जात नाही. तोच विद्यार्थ्याचा हितकर्ता असतो.

जुन्या पद्धतीतही हाच विवेक होता. तीत विमानाला बांधलेल्या दोरीने छत्री आपोआप उघडते आणि विद्यार्थी केवळ मूठ ओढण्याचा सराव करतो. असे सराव लागोपाठ तीन वेळा बिनचूक झाल्याशिवाय स्वतः छत्री उघडण्याची उडी दिली जात नाही. ‘लागोपाठ’ हा शब्द महत्त्वाचा. दोन साधले आणि तिसरा चुकला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

जमिनीवर उतरल्यानंतरची रीतही पाहण्यासारखी आहे. प्रशिक्षक लगेच दोष सांगत नाही. वर काय घडले ते आधी विद्यार्थ्याला त्याच्या शब्दांत सांगू देतो. मग प्रशिक्षक आपण काय पाहिले ते सांगतो आणि त्यानंतर दोघे चित्रफीत पाहतात. आपल्याला यात आलोचना आठवल्याशिवाय राहत नाही. साधू गुरूंसमोर आपला दोष आपल्या मुखाने सांगतो, मग गुरू प्रायश्चित्त देतात. दोष दुसऱ्याने काढला तर मन बचावाला उभे राहते. स्वतः सांगितला तर सुधारणेला वाट मिळते.

येथून सहजच विचार गुणस्थानांकडे वळतो. स्कायडायव्हिंग ही देहाची कला आहे आणि गुणस्थाने ही मोहाच्या क्षयोपशमानुसार आत्म्याची अवस्था. दोहोंची बरोबरी करण्याचा अविचार कोणी करू नये. तरीही पायऱ्यांच्या बाबतीत आपल्या आचार्यांनी किती सूक्ष्म विचार केला आहे, हे अशा उदाहरणाने पटकन उमगते. चौदा गुणस्थाने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सरळ वर जाणारा जिना येतो. शास्त्रातील वर्णन तसे नाही. दुसरे सासादन गुणस्थान तर खाली येतानाच लाभते : सम्यक्त्व सुटले आहे, पण खीर ओकून टाकल्यावरही जिभेवर चव रेंगाळावी तसा त्याचा आस्वाद अजून शिल्लक आहे. आत्मसाधनेत रत असलेले मुनीही सहाव्या प्रमत्तसंयत आणि सातव्या अप्रमत्तसंयत गुणस्थानांत पुनःपुन्हा ये-जा करतात. पंच महाव्रते धारण केलेल्यांचीही जर अशी ये-जा होते, तर एका धड्यावर दोनदा थांबलेल्या मुलाने मान खाली का घालावी?

सर्वांत उद्बोधक आहे ते अकरावे गुणस्थान, उपशांतमोह. तेथे मोहाचा उदय मुळीच नसतो, परिणाम वीतराग असतात; तरीही तेथून जीव खाली येतोच. कारण मोह दबलेला असतो, नष्ट झालेला नसतो. गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून घातली की गाळ तळाशी बसतो आणि पाणी स्वच्छ दिसते. भांड्याला धक्का लागला की ते पुन्हा गढूळ. तेच निवळलेले पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घेतले तर कितीही हलवले तरी गढूळ होत नाही. क्षपकश्रेणीने चढणारा जीव म्हणूनच दहाव्या गुणस्थानातून अकराव्याला स्पर्श न करता थेट बाराव्या क्षीणमोहात जातो आणि पुन्हा खाली येत नाही.

शिकण्याच्या कोणत्याही क्षेत्राला हा दृष्टांत लागू पडतो. दात-ओठ खाऊन, भीती कशीबशी दाबून एक पायरी पार पाडलेला विद्यार्थी पुढच्या उडीला विमानाच्या दारात उभा राहिला की दाबलेली भीती वर येते. ती पायरी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा करताना तीच भीती ओळखीची होते, अंग सैल पडते, श्वास संथ होतो. पहिल्यात गाळ खाली बसला होता. दुसऱ्यात पाणी हळूहळू वेगळे होऊ लागले. पुन्हा केलेल्या पायरीचे फळ हेच.

आणखी एक नियम. अमेरिकेतील स्कायडायव्हिंग संघटनेच्या शिफारशीनुसार विद्यार्थ्याच्या उडीत ३० दिवसांहून अधिक खंड पडला, तर त्याने पुन्हा प्रशिक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली उडी घ्यावी. २५ उड्या पुऱ्या करून पहिला परवाना मिळवलेल्यालाही ६० दिवसांच्या खंडानंतर देखरेखीतील उडी सांगितली आहे. मिळवलेले ज्ञान आळसाने झिजते, हे तेथे गृहीतच धरले आहे. आपल्याकडे प्रतिक्रमण दैवसिक आणि रात्रिक आहे, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक आहे. प्रतिक्रमण या शब्दाचा अर्थच मुळी मागे येणे, स्वस्थानी परतणे. पाच चारित्रांत सामायिकानंतर लगेच छेदोपस्थापनेला स्थान आहे, म्हणजे व्रतात खंड पडल्यावर पुन्हा त्यात स्थिर होणे. ज्या परंपरेने पुनरारंभाला चारित्राचे नाव दिले, त्या परंपरेतील घरांत पुनरारंभाची लाज का वाटावी?

तरीही ती वाटते. सीएच्या परीक्षेत एक ग्रुप राहिला की लग्नकार्यात मुलाला बाहेर पडावेसे वाटत नाही. ‘कितवा अटेम्प्ट?’ हा प्रश्न जिव्हाळ्याच्या सुरात विचारला जातो आणि काट्यासारखा रुततो. कोणाची अठाई पाचव्या दिवशी प्रकृतीमुळे थांबली तर त्या पाच उपवासांची अनुमोदना होण्याऐवजी राहिलेल्या तिनांची चर्चा होते. मुलाला त्या पायरीपेक्षा पायरीभोवती जमलेले प्रेक्षक अधिक छळतात. आणि या छळाला भिऊनच मुले निकाल लपवतात, आईवडील कच्च्या पायावरच पुढचा प्रवेश घेऊन टाकतात. दोन हात सोडले जातात आणि मग मूल आकाशात एकटे गोल फिरू लागते.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत यावरचे दोन उपाय सांगितलेलेच आहेत. पहिला उपगूहन : दुसऱ्याची उणीव चव्हाट्यावर न मांडणे. दुसरा स्थितिकरण : डळमळणाऱ्याला पुन्हा स्थिर करणे. स्थितिकरणासाठी वारिषेण मुनींची कथा सांगतात. त्यांचे मित्र पुष्पडाल मुनी झाले खरे, पण बारा वर्षे उलटली तरी त्यांचे चित्त घरी सोडलेल्या पत्नीतच गुंतले होते. वारिषेणांनी त्यांना चारचौघांत दोष दिला नाही. ते त्यांना स्वतःच्या राजवाड्यात घेऊन गेले आणि आपण त्यागलेले वैभव, आपल्या सालंकृत राण्या त्यांच्यासमोर उभ्या करून ‘हे सारे तुम्ही घ्या’ म्हणाले. पुष्पडालांना आपले आपणच उमगले आणि ते व्रतात खऱ्या अर्थाने स्थिर झाले. बारा वर्षे वेषाने पार केलेली पायरी त्या दिवशी मनाने पार झाली. वारिषेण ती पायरी टाळून पुढे गेले नाहीत, मित्राला सोडूनही गेले नाहीत.

पाठशाळेत आजही अनुभवी शिक्षिका पहिली गाथा तोंडपाठ झाल्याशिवाय दुसरी देत नाहीत. मूल अडखळले तर ‘उद्या पुन्हा म्हण’ एवढेच सांगतात आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच आनंदाने ऐकतात. घरातही एवढेच करता येण्याजोगे आहे. निकाल लागल्यावर आधी मुलाला बोलू द्यावे. काय सुटले ते त्याच्याच तोंडून येऊ द्यावे. ‘किती वेळा’ हा प्रश्न टाळून ‘या वेळी काय नवे कळले’ असे विचारावे. पाहुण्यांसमोर विषय निघाला तर आपण ढाल व्हावे. आणि पाया कच्चा आहे असे दिसले तर प्रेमाने, पण ठामपणे, तीच पायरी पुन्हा करायला लावावी.

त्या आकाशातील प्रशिक्षकांचे एक वैशिष्ट्य शेवटी सांगावेसे वाटते. पायरी पुन्हा करायची असते तेव्हा ते विद्यार्थ्याला एकट्याला पाठवत नाहीत. जितके जण पहिल्या वेळी सोबत होते, तितकेच दुसऱ्या वेळीही विमानाच्या दारात त्याच्या बाजूला उभे असतात.