आडनाव सांगा, खोली मिळवा

रत्नागिरीत खोली शोधायची तर दोन सीझन टाळावेत, असा माझा अनुभवसिद्ध फंडा आहे. एक मे महिना. तेव्हा निम्म्या खोल्यांत आंब्याची अढी घातलेली असते आणि काकू सांगतात, ‘आंबे संपले की ये.’ दुसरा पावसाळा. तेव्हा दाखवायला उघडलेल्या खोलीत आधीच्या पोरींचे न वाळलेले कपडे दोरीवर लटकत असतात आणि भिंतीचा रंग कुठला, बुरशीचा कुठला, ते कळत नाही. पण प्रवेशाच्या फेऱ्या लांबत लांबत गणपतीपर्यंत जातात. त्यामुळे गेल्या वर्षी अस्मादिक भर पावसात छत्री घेऊन पुन्हा एकदा रत्नागिरीच्या पाखाड्या उतरत होते.

निमित्त होतं माझी मावसबहीण. कन्येला शिरगावच्या फिशरीज कॉलेजला ॲडमिशन मिळाली होती. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे कॉलेज १९८१ पासून आहे आणि इथे राज्यभरातून मुलं येतात. तिला हॉस्टेल नको होतं. काउन्सेलिंगच्या रांगेत भेटलेल्या एका मैत्रिणीबरोबर ‘इंडिपेंडंट’ राहायचं होतं. चार दिवसांची ओळख, पण दोघींचे प्लेलिस्टपासून पायजम्यांपर्यंत सगळे प्लॅन ठरलेले. मी इथेच शिकले, म्हणून खोली शोधायचं काम ताईकडे!

बाहेरच्यांना रत्नागिरी म्हटलं की हापूस आणि बीच एवढंच आठवतं. पण बॉस, हे विद्यार्थ्यांचंही गाव आहे. गोगटे-जोगळेकर कॉलेज १९४५ चं. त्याआधी इथल्या मुलांना कॉलेजसाठी बोटीनं मुंबई गाठावी लागायची, नाहीतर घाट चढून कोल्हापूर-पुण्याला जावं लागायचं. पुढे मिरजोळ्याला इंजिनीअरिंग आलं, मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र आलं, २०२३ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालं. लांजा, राजापूर, संगमेश्वर, गुहागर आणि ‘घाटावरून’ मुलं येतात आणि ज्या घराला मागलं दार आहे, त्या घराची मागची खोली ‘पीजी’ होते. न्हाणी कॉमन, लाइट बिल वेगळं, रात्री नऊनंतर गेट बंद.

थिबा पॅलेसजवळून जाताना मी दोघींना धीर दिला. म्हटलं, हा अख्ख्या ब्रह्मदेशाचा राजा. इंग्रजांनी १८८६ मध्ये त्याला इथे आणून ठेवलं. राजवाडा मिळाला १९१० मध्ये! तोवर चोवीस वर्षं बिचारा दुसऱ्यांच्या बंगल्यांत राहिला. तुमचे तर आत्ताशी दोनच दिवस झालेत. दोघी खो खो हसल्या. तेव्हा सगळं मजेतच चाललं होतं.

तिसरं घर सॉलिड होतं. चिरेबंदी, कौलारू, पुढे पडवी, अंगणात विहीर, खोलीला दोन खिडक्या. भाडं परवडणारं. काकू एकदम गोड. आम्हाला पडवीत बसवून कोकम सरबत दिलं.

‘फिशरीजला काय गो? म्हणजे मासळीचा वास येणार अंगाला!’ काकू हसत म्हणाल्या. ‘माझं काही नाही हो, पण घरात मासे शिजवायचे नाहीत.’

‘नाही शिजवणार,’ दोघी एकासुरात म्हणाल्या. कॉलेजात दिवसभर मासेच बघायचे, मग घरी कशाला?

‘मग झालं तर. नावं सांगा बघू.’

बहिणीनं नाव सांगितलं. काकूंनी मान हलवली, आमचं मूळ गाव विचारलं आणि त्यांची एक नणंद तिकडचीच निघाली. मग मैत्रिणीनं नाव सांगितलं. काकू दोन सेकंद थांबल्या आणि म्हणाल्या, ‘आडनाव काय म्हणालीस?’

तिनं पुन्हा सांगितलं. आवाज तसाच, शांत. हा प्रश्न तिला पहिल्यांदा विचारला जात नव्हता, एवढं कळलं.

त्यानंतर खोलीचा नूरच बदलला. छत गळतं म्हणे. शिवाय मुंबईचा भाचा येऊन राहणार आहे, नक्की कधी ते माहीत नाही. आम्ही उठलो. गेटपाशी काकूंनी मला हळूच बाजूला घेतलं. ‘तुझ्या बहिणीला एकटीला हवी असेल तर कळव हो. भाचा काय, सोय करेल.’

वाईट माणूस म्हणावं तर तसंही नाही. आमच्या छत्र्या विसरल्या होत्या, त्या द्यायला काकू पावसात कोपऱ्यापर्यंत धावत आल्या.

मी काय केलं? काहीच नाही! ‘बरं, कळवते’ म्हणाले. जर्नालिस्ट ना मी! माइक हातात असला की प्रश्न सुचतात, गेटपाशी नाही. बहीण मात्र रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, ‘ताई, तिला नाही तर मला पण नाही.’ विषय संपला. मैत्रीण खिडकीबाहेर बघत होती.

रात्री झोप आली नाही. मला आठवली माझी स्वतःची खोली, बी.ए.ची. आईबरोबर गेले होते. पहिलंच घर, पहिलीच बेल, वीस मिनिटांत खोली पक्की. इतकी वर्षं मी ती स्टोरी ‘माझं लक’ म्हणून सांगत आले. लक कसलं? आडनाव सांगितल्यावर त्या काकूंनी चहा टाकला होता. मला वाटलं, मी त्यांना आवडले.

याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. कोलंबियात शिकून, लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर हजर झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. मित्रांकडे विचारलं, तिथेही जमलं नाही. शेवटी एका बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. डिग्री कितीही मोठी असू दे, घरमालक आधी दुसरंच सर्टिफिकेट तपासत होता.

आणि याच रत्नागिरीत १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींना खुलं. सावरकरांचा पुढाकार, भागोजी कीरांचा पैसा. आपण पाहुण्यांना ते कौतुकानं दाखवतो. देवळाचं दार त्या काळी उघडलं, मागल्या खोलीचं मात्र अजून आडनाव बघून उघडतं. सरकारची स्वाधार योजना आहे, अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्या खात्यात राहण्या-जेवणाचे पैसे येतात. चांगलीच योजना आहे. पण पैसे खात्यात आले म्हणून काकूंचं छत गळायचं थांबत नाही.

शेवटी खोली मिळाली. नाचण्याकडे, एका निवृत्त एस.टी. ड्रायव्हरकाकांच्या माडीवर. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, ‘पाणी एकच वेळ येतं, चालेल ना?’ आणि ‘घरी फोन केलात का?’ नावं त्यांनी पावती लिहिताना विचारली. परवा बहिणीचा फोटो आला. पहिला स्वतः साफ केलेला बांगडा आणि मागे मैत्रीण, तव्यापासून चार फूट लांब उभी!

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण मागच्या आठवड्यात माझ्या दादानं ठाण्याचा वन-बीएचके भाड्यानं द्यायला काढला. मेसेज आला, ‘तू लिहितेस ना, जरा नीट ड्राफ्ट कर.’ खाली त्याचा मजकूर होता, ‘हवेशीर, स्टेशनजवळ, फक्त शाकाहारी फॅमिलीसाठी.’

आमच्या घरी दर रविवारी बांगडे तळतात. दादाच तळतो.

मी त्याला फोन केला. म्हटलं, दादा, ‘शाकाहारी’ म्हणजे तुला नक्की काय म्हणायचंय? पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, ‘अगं, सगळे असंच लिहितात.’

आपल्यातले बरेच जण आता भाडेकरूचे मालक होतायत. ईएमआय चालू आहे, दुसरा फ्लॅट बुक होतोय. उद्या जाहिरात आपणच लिहिणार आहोत. भाडं विचारा, डिपॉझिट विचारा, पोलीस व्हेरिफिकेशन करा, हवं तर गेटची वेळही सांगा. बाकी नाव काय, ते ॲग्रीमेंटवर येईलच.

दादाची जाहिरात काल गेली. ‘हवेशीर, स्टेशनजवळ.’ बस्स, एवढीच.