दोन फायलींमधला एक पैशाचा फरक

पगार जमा झाल्याचा मेसेज येतो, विम्याचा हप्ता आपोआप कापला जातो, खात्यात व्याज पडतं. आपण मेसेज वाचतो आणि विसरून जातो. जगातल्या अनेक मोठ्या बँका आणि विमा कंपन्यांमध्ये हा हिशेब आजही मेनफ्रेम नावाचे मोठे संगणक करतात. आयबीएमने १९६४ साली ‘सिस्टीम/३६०’ जाहीर केली, त्याच घराण्यातली ही यंत्रं. त्यांची देखभाल करणारी बरीच मंडळी पुणे, चेन्नई, हैदराबाद, बंगळुरूत बसतात. तुमच्याही घरात किंवा शेजारी असं कुणीतरी असेल, ज्याचं काम नेमकं काय हे आईवडिलांना नीट सांगता येत नाही.

माझी मावसबहीण त्यातलीच. ती चेन्नईत एका परदेशी बँकेच्या कामावर आहे. एकदा मी तिला विचारलं, “ताई, तू दिवसभर करतेस काय गं?” ती म्हणाली, “दोन फायली शेजारी ठेवून फरक शोधते.” मला वाटलं, किती सोपं! तसं ते अजिबात नाही.

काम काय असतं?

समजा, व्याज मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये छोटा बदल केला. मग जुना आणि नवा असे दोन्ही प्रोग्राम एकाच माहितीवर चालवतात आणि निघालेल्या दोन फायली ताडून पाहतात. जिथे फरक अपेक्षित आहे तिथेच तो दिसला पाहिजे, बाकी सगळं जसंच्या तसं. यासाठी सुपरसी, फाइल मॅनेजर, फाइल-एड अशी साधनं आहेत. ती ताकदीची आहेत, पण नव्या माणसाला घाम फोडतात.

पहिली अडचण पडद्याची. मेनफ्रेमचा नेहमीचा पडदा २४ ओळींचा, प्रत्येक ओळीत ८० अक्षरं. एक नोंद ५०० अक्षरांची असेल तर उजवीकडे जायला एफ ११, परत यायला एफ १०. रक्कम दिसते तेव्हा खातं क्रमांक पडद्याबाहेर गेलेला असतो. मग शेजारच्या वहीत आकडे टिपत बसायचं.

दुसरी अडचण जोड्या लावण्याची. शाळेच्या हजेरीपटात मध्येच एक नवं नाव आलं, की खालच्या सगळ्यांचे क्रमांक बदलतात. फायलीतही तसंच. पहिल्या नोंदीसमोर पहिली, दुसरीसमोर दुसरी असं ताडत गेलं, तर एका जादा नोंदीमुळे पुढच्या हजारो नोंदी ‘वेगळ्या’ दिसतात. त्यासाठी आधी फायली खातं क्रमांकाप्रमाणे लावून घ्यायच्या आणि जोडी कशावरून लावायची ते साधनाला सांगायचं. ते कुठल्या पडद्यावर सांगायचं, हे बहुतेकदा टीममधला जुना माणूसच दाखवतो.

तिसरी अडचण सगळ्यात गमतीची. जागा वाचवण्यासाठी आकडे ‘पॅक्ड डेसिमल’ पद्धतीने ठेवतात. १२३४५ हा आकडा फक्त तीन बाइटमध्ये मावतो : १२, ३४, ५सी. शेवटचं ‘सी’ म्हणजे अधिक चिन्ह. साध्या पडद्यावर हे वेडीवाकडी चिन्हं होऊन दिसतं. शिवाय तोच आकडा चिन्हाविना ठेवला तर शेवटी ‘५एफ’ येतं. किंमत तीच, पण बाइट वेगळे, म्हणून साधन म्हणतं फरक आहे! फायलीचा आराखडा म्हणजे ‘कॉपीबुक’ सोबत दिलं, तर काही साधनांना आकडा आकडा म्हणून कळतो. पण कॉपीबुक जुनं निघालं तर सगळे रकाने सरकतात.

खरा धोका इथे आहे

बऱ्याचदा नोंदींत वेळेचा शिक्का असतो, आणि तो दर वेळी बदलतो. म्हणून ‘हे रकाने सोडून दे’ असं साधनाला सांगावं लागतं. कुठून कुठपर्यंत, ते मोजून आकड्यांत. मोजताना एका घराची चूक झाली आणि शेजारच्या रकमेचं अक्षर झाकलं गेलं, तर खरा फरकही झाकला जातो. साधन निवांतपणे ‘फरक नाही’ म्हणतं. हजारो खोटे फरक पाहून डोळे शिणलेल्या माणसाला रात्री दोन वाजता तेच ऐकायचं असतं.

हिशेब अडला तर काय होतं, याचं एक मोठं उदाहरण २०१२ सालचं. ब्रिटनमध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या समूहात रात्रीची कामं क्रमाने चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा बदल फसला. कारण वेगळं होतं, फायली ताडण्याशी त्याचा संबंध नव्हता. पण ६५ लाखांहून जास्त ग्राहकांना त्रास झाला आणि २०१४ मध्ये समूहाला ५.६ कोटी पौंड दंड झाला. पडद्यामागचा बदल थेट माणसांच्या घरखर्चापर्यंत पोहोचतो तो असा.

मग साधनं सुधारत का नाहीत?

सुधारताहेत. २०१८ पासून ‘झोवे’ या मुक्त प्रकल्पामुळे मेनफ्रेमच्या फायली नेहमीच्या एडिटरमध्येही उघडता येतात. पण बँकेची माहिती लॅपटॉपवर उतरवून एक्सेलमध्ये ताडायला सहसा परवानगी नसते, आणि ते योग्यच आहे. शिवाय ज्यांची बोटं वीस वर्षं एफ ७, एफ ८ वर फिरली आहेत त्यांना जुना पडदाच वेगवान वाटतो. त्यांचंही खोटं नाही. अडतो तो नवा माणूस.

या कामात नुकतेच आलेल्यांसाठी ताईने चार गोष्टी सांगितल्या :

• ताडण्याआधी दोन्ही फायलींतल्या नोंदी मोजा.
• फायली क्रमाने लावल्याशिवाय सुरुवात करू नका.
• कोणते रकाने सोडले आणि का, ते लिहून ठेवा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या.
• चाचणीच्या प्रतीत मुद्दाम एक आकडा बदलून पाहा. साधनाने तो पकडला नाही, तर त्याच्या ‘फरक नाही’वर विश्वास ठेवू नका.

चौथी गोष्ट मला फार आवडली. घरी पासबुक आणि खर्चाची वही ताडतानाही ती चालेल. फक्त शेवटची बेरीज जुळली म्हणून थांबू नका, मधल्या दोन-चार नोंदी बोट ठेवून बघा. एक चूक वर आणि तेवढीच खाली असेल, तरी बेरीज जुळतेच.

आणि घरातलं कुणी रात्रपाळीला ‘फायली बघत’ बसलं असेल, तर ‘एवढं काय असतं त्यात?’ असं विचारण्याआधी त्याच्यासाठी एक कप चहा ठेवा.