हरिश्चंद्राच्या कारखान्यातली माणसं

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. आपण तो एका माणसाच्या नावावर जमा करून टाकला आहे. पण दादरच्या ज्या बंगल्यात तो घडला, तिथली सगळीच मंडळी ओळख करून घेण्यासारखी होती.

आधी म्होरके, दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरचा जन्म. जे. जे. कलाशाळेत चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण, मग छापखाना आणि मधल्या काळात जादूचे प्रयोगसुद्धा. जादूगार म्हणून नाव घेतलं प्रोफेसर केळफा. उलटं वाचलं की फाळके! १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि पहिली भूमिका दिली एका वाटाण्याला. कुंडीतल्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण करून त्यांनी ते पडद्यावर सरसर वाढवलं आणि ते बघून पैसेवाल्यांनी हात सैल केला.

कॅमेरामन त्र्यंबक तेलंग. कॅमेरा चालवायचा कसा, हे शिकवायला देशात शाळा नव्हती. फाळक्यांनीच त्यांना तयार केलं.

तारामती म्हणजे अण्णा साळुंके. जाहिराती देऊनही एकही बाई पडद्यावर यायला राजी होईना. तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या या तरुणाची नाजूक बोटं फाळक्यांच्या नजरेत भरली. तिथे महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि राणी ठरली. पुढे 'लंकादहन'मध्ये या पठ्ठ्याने राम आणि सीता दोन्ही केले! राणीच्या दासीसुद्धा पुरुषच. वडील हयात असताना मिशी काढायची कशी, म्हणून त्या अडून बसल्या होत्या. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर वस्तरा फिरला.

राजा झाले रंगभूमीवरचे दत्तात्रेय दाबके. चित्रीकरणासाठी युनिट वांगणीला गेलं. फाळके मागून येणार होते. ढाल-तलवारी घेतलेली ही फौज बघून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोरच आले! वर्दी फौजदारापर्यंत गेली. फाळक्यांनी येऊन कॅमेरा दाखवला, समजूत काढली, तेव्हा सुटका झाली.

राजपुत्र रोहिदासाचं काम आलं फाळक्यांच्या थोरल्या मुलाकडे, भालचंद्राकडे. सिनेमात मरायचं म्हटल्यावर दुसरं कोण आपलं पोर देणार?

सिनेमात काम करणं तेव्हा कमीपणाचं. कुणी विचारलं तर 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहे' म्हणून सांगा, असा फाळक्यांचा सल्ला असे.

आणि या कारखान्याचा कणा, दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके. भांडवलासाठी दागिने गेले ते त्यांचे. सगळ्या युनिटचा स्वयंपाक त्यांचा. उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा तोही त्यांनीच. कच्ची फिल्म तेव्हा भोकांशिवाय यायची. दिवसभराची उस्तवार आटोपली की अंधाऱ्या खोलीत बसून, निव्वळ बोटांच्या अंदाजाने, त्या फिल्मच्या कडांना यंत्राने भोकं पाडायची. एक भोक चुकलं की कॅमेऱ्यात फिल्म अडकलीच. शिवाय रसायनं कालवणं आणि फिल्म धुणं. चार रिळांचा, सुमारे ३,७०० फुटांचा सिनेमा या हातांखालून गेला आहे.

एकट्याच्या वेडाने सिनेमा सुरू होतो, पुरा होतो तो अशा माणसांमुळे. फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो, ते योग्यच आहे. पण मिशी उतरवलेल्या दासी, हॉटेलातून आलेली राणी आणि सरस्वतीबाई यांच्याशिवाय तो इतिहास अर्धाच राहतो. शाळेच्या पुस्तकात फाळक्यांवर धडा असेल, तर सरस्वतीबाईंचं नाव त्यांच्या शेजारी, तेवढ्याच ठळक टायपात छापलं पाहिजे. पत्नी म्हणून नव्हे. भारतातल्या पहिल्या चित्रपट-तंत्रज्ञांपैकी एक म्हणून.