स्वस्थवृत्ताच्या पदव्युत्तर शिक्षणात आरोग्यवर्तनाचा अभ्यास हवा

निरोगी माणसाचे आरोग्य राखणे आणि रोग्याचा विकार शमविणे हे आयुर्वेदाचे द्विविध प्रयोजन आपण प्रत्येक सभेत, प्रत्येक व्याख्यानाच्या आरंभी सांगत असतो. यांपैकी पहिले प्रयोजन ज्या विषयाकडे सोपविले आहे, त्या स्वस्थवृत्ताच्या पदव्युत्तर शिक्षणाचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही. दिनचर्या, ऋतुचर्या, सद्वृत्त, आहारविधी, अधारणीय वेग हे सारे आपला विद्यार्थी उत्तम पाठ करतो. काय करावे आणि काय टाळावे हे त्याला ठाऊक असते. परंतु सांगितलेले हित माणूस का आचरीत नाही, आणि तो ते आचरू लागावा यासाठी काय केले असता उपयोग होतो, हे त्याला कोणी पद्धतशीरपणे शिकवीत नाही. या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास म्हणजे आरोग्यवर्तन-संशोधन. त्या ज्ञानाचा व्यक्तीपासून समाजापर्यंत केलेला विनियोग म्हणजे आरोग्यसंवर्धन. हे दोन्ही विषय आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात स्वतंत्र, परीक्षेसह असावेत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

हा केवळ विद्वत्तेचा प्रश्न नाही. आयुष्मान भारत योजनेखाली 2018 पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. 2023 मध्ये या केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नाव मिळाले. महाराष्ट्रात तेथील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या पदांवर आयुर्वेद पदवीधर फार मोठ्या संख्येने काम करीत आहेत. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोगासाठी तपासणी करणे, व्यसनमुक्ती, आहार व व्यायाम यांविषयी समुपदेशन करणे हे त्यांचे नित्याचे काम आहे. म्हणजेच स्वस्थवृत्त आता ग्रंथातून गावाच्या ओट्यावर आले आहे. या तरुण वैद्यांना आणि त्यांना शिकविणाऱ्या अध्यापकांना आपण कोणती साधने दिली आहेत?

तंबाखूचेच उदाहरण घेऊ. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या 2016-17 च्या फेरीत महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. धूम्रपान करणारे त्यांत थोडे होते, धूरविरहित तंबाखू वापरणारेच बहुसंख्य होते. आता एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी प्रश्नावली केली आणि त्यात ‘आपण तंबाखू खाता का?’ असा प्रश्न घातला, तर मिश्री लावणारी भगिनी प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देईल. कारण ती तंबाखू खात नाही, दातांना मिश्री लावते. तिच्या लेखी ते दंतधावन आहे. प्रश्न चुकला की आकडा चुकतो आणि आकडा चुकला की त्यावर उभारलेला उपक्रमही चुकतो. दिवास्वापाचे तसेच आहे. ‘आपण दुपारी झोपता का?’ असे वैद्याने विचारले की रुग्णाला अपेक्षित उत्तर कळते आणि तो तेच देतो. त्याऐवजी ‘काल दुपारी जेवणानंतर आपण काय केले?’ असे विचारल्यास उत्तर पुष्कळदा निराळे येते. प्रश्न कसा रचावा, लोकांच्या बोलीत तो कसा बसवावा, त्याची विश्वसनीयता व यथार्थता कशी तपासावी, मुलाखत कशी घ्यावी व तिचे विश्लेषण कसे करावे, ही शिकण्याची व सराव करण्याची विद्या आहे. संशोधनपद्धती व संख्याशास्त्राच्या नावाखाली आपण जे शिकवितो त्याचा भर औषधपरीक्षणावर असतो. तीस-चाळीस रुग्णांचे दोन गट करून एखाद्या चूर्णाचा परिणाम मोजण्यास ते ठीक आहे. माणसाच्या आचरणाचा ठाव घेण्यास ते पुरत नाही.

या विद्याशाखेचा आरंभही अशाच एका अडचणीतून झाला. विसाव्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयाच्या निदानासाठी लोकांच्या दाराशी विनामूल्य क्ष-किरण तपासणीची सोय केली, तरी अपेक्षेइतके लोक आले नाहीत. होखबाम, रोझेनस्टॉक आदी मानसशास्त्रज्ञांनी त्याची कारणे शोधली. आपल्याला हा रोग होऊ शकतो असे माणसाला वाटते का, तो गंभीर वाटतो का, तपासणीचा लाभ पटतो का आणि तिच्या आड काय येते, या प्रश्नांतून ‘आरोग्य-श्रद्धा प्रतिमान’ आकाराला आले. 1977 मध्ये अल्बर्ट बंडुरा यांनी ‘हे मला जमेल’ या स्वक्षमतेवरील विश्वासाचे महत्त्व मांडले. 1983 मध्ये प्रोचास्का व डिक्लेमेंटी यांनी धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून परिवर्तनाच्या अवस्था मांडल्या. यांतील प्रत्येक प्रतिमानावर टीका झाली आहे, सुधारणा झाल्या आहेत, आणि तेच या शास्त्राच्या जिवंतपणाचे लक्षण होय.

येथे काही ज्येष्ठ वैद्यबंधू म्हणतील, ‘हे सारे आपल्या संहितांत आहेच, मग उसनवारी कशाला?’ या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच त्याचा आदराने विचार केला पाहिजे. धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशातून घडणारे कर्म म्हणजे प्रज्ञापराध, ही चरकाने शारीरस्थानात केलेली मांडणी असामान्य आहे. हित न कळणे, कळूनही मनाला आवरता न येणे आणि ऐन वेळी त्याचे स्मरण न राहणे या तीन भिन्न गोष्टी आहेत व तिन्हींवर उपाय भिन्न असला पाहिजे, हे त्यातून सूचित होते. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात तर अंगवळणी पडलेले अहित एकदम न सोडता पादांशाने, मध्ये दिवसांचे अंतर राखून क्रमाने सोडावे व हिताचे सेवनही तसेच क्रमाने वाढवावे, असा प्रत्यक्ष विधीच दिला आहे. अशा क्रमाने घालविलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत, असे तेथे प्रतिपादन आहे.

परंतु मित्रहो, ‘आपल्याकडे आहे’ एवढे म्हणून थांबणे हा त्या ग्रंथांचा सन्मान नव्हे. पादांशक्रमाने मिश्री सोडणाऱ्या स्त्रिया आणि एका दिवसात सोडणाऱ्या स्त्रिया यांची वर्षभराने तुलना केली तर काय दिसेल? धृतीचे मापन मराठीत कोणत्या प्रश्नांनी करता येईल? प्रकृतीनुसार दिलेला आहारसल्ला सर्वसामान्य सल्ल्यापेक्षा अधिक काळ पाळला जातो का? हे प्रश्न आपणच विचारले पाहिजेत, कारण ते इतर कोणाला सुचणार नाहीत. आणि ते तपासण्याची रीत आरोग्यवर्तन-संशोधनात आहे. धृती म्हणजेच बंडुरा यांची संकल्पना, असे घाईने समीकरण मांडण्यातही अर्थ नाही. एक विकारी विषयापासून मनाला आवरणारी शक्ती आहे, दुसरी आपल्याला एखादे कार्य साधेल हा विश्वास आहे. दोहोंतील भेद स्पष्ट करणे हेच पदव्युत्तर विद्यार्थ्याचे काम आहे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रज्ञापराधाचा सिद्धांत एकांगी वापरला की सारा दोष रुग्णाच्या माथी मारला जातो. ज्या मजुराला पहाटे पाचला काम गाठायचे आहे त्याला व्यायामाचा आणि अभ्यंगाचा उपदेश करणे सोपे आहे. ज्या वस्तीत शौचालयासाठी अंधार पडण्याची वाट पाहावी लागते, तेथील स्त्रीला वेगधारणाचे दुष्परिणाम सांगून काय साधणार? 1986 च्या ओटावा सनदेने आरोग्यसंवर्धनाची पाच क्षेत्रे सांगितली: आरोग्यपोषक सार्वजनिक धोरण, अनुकूल परिसर, लोकांची सामूहिक कृती, व्यक्तीची कौशल्ये आणि आरोग्यसेवेची पुनर्रचना. यांतील केवळ एक क्षेत्र व्यक्तीविषयी आहे. आपल्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायातही वायू, जल, देश व काल यांच्या बिघाडाची चर्चा करताना राज्यकर्त्यांच्या अधर्माचरणाकडे बोट दाखविलेले आहे. स्वस्थवृत्ताच्या अध्यापनात सद्वृत्ताइतकेच वजन या अध्यायाला मिळाले पाहिजे.

व्यक्ती आणि परिसर या दोहोंवर एकत्र काम केल्यास काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण फिनलंडमधील उत्तर कारेलिया प्रांताचे आहे. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंनी हैराण झालेल्या तेथील लोकांनीच शासनाकडे निवेदन दिले आणि 1972 मध्ये पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. गृहिणींच्या संघटना, दुग्धव्यवसाय, खाद्यउद्योग, शाळा, वृत्तपत्रे या सर्वांना त्यात गोवले गेले. पुढील चार दशकांत कामकऱ्या वयाच्या पुरुषांतील हृद्रोगाचा मृत्युदर सुमारे 80 टक्क्यांनी घटला. उर्वरित फिनलंडमध्येही तो पुष्कळ घटला, म्हणून प्रकल्पाचे श्रेय नेमके किती यावर अभ्यासकांत वाद आहे. तो वाद करता येतो, कारण तेथे मोजमाप झाले होते. आपल्याकडे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 39 गावांत गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांच्या हातून नवजात बालकांची घरगुती काळजी घेतली, 47 गावे तुलनेसाठी ठेवली आणि नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. खेड्यात राहून, लोकांच्या भाषेत, जगाने मान्य करावे असे संशोधन होऊ शकते याचा हा घरचाच दाखला आहे.

तेव्हा प्रत्यक्ष काय करावे? एम.डी. स्वस्थवृत्ताच्या पहिल्या वर्षी आरोग्यवर्तनाचे सिद्धांत संहितोक्त संकल्पनांसह तौलनिक पद्धतीने शिकवावेत. प्रश्नावलीरचना, मुलाखत व गटचर्चा यांचा प्रात्यक्षिक सराव व्हावा. दुसऱ्या वर्षी प्रत्येक विभागाने एक गाव किंवा शहरातील एक वस्ती निवडून गरजांचा अभ्यास, उपक्रमाची आखणी, अंमलबजावणी व मूल्यमापन असा पूर्ण क्रम विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. तिसऱ्या वर्षी काही प्रबंध तरी औषधपरीक्षणाऐवजी वर्तनपरिवर्तनावर असावेत. संशोधनाची नीती, विशेषतः संमती आणि गोपनीयता, हा विषय आरंभापासून असावा, कारण व्यसन व लैंगिक वर्तन यांविषयीची माहिती गावात फुटली तर माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते.

अडचणी आहेत. हा विषय शिकविणारे अध्यापक आपल्याकडे थोडे आहेत आणि अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे. पहिल्या अडचणीवर समाजशास्त्र, मानसशास्त्र व समाजकार्य या विभागांतील प्राध्यापकांना सन्मानाने निमंत्रित करणे हा उपाय आहे. दुसरीसाठी पदवीच्या पातळीवर एकदा शिकविलेल्या भागाची पुनरावृत्ती कमी करण्याचे धैर्य दाखवावे लागेल. काही जणांना यात आयुर्वेदाच्या शुद्धतेला बाधा येईल अशी भीती वाटते. परंतु सूक्ष्मदर्शक आणि रक्ततपासणी स्वीकारताना जी बाधा आली नाही, ती माणसाचे मन ऐकण्याची पद्धत स्वीकारल्याने कशी येईल?

अभ्यासक्रमाचा अंतिम निर्णय राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग आणि आरोग्य विद्यापीठाची अभ्यासमंडळे यांच्या हाती आहे, हे खरे. परंतु व्यवसायी वैद्यांच्या संघटनेने सुविचारित मसुदा पुढे ठेवला तर त्याची दखल घेतली जाते. आपल्या संघटनेने स्वस्थवृत्ताचे अध्यापक, उपकेंद्रांत काम करणारे तरुण वैद्य आणि सामाजिक शास्त्रांचे जाणकार यांची छोटी समिती नेमून येत्या वर्षात असा मसुदा तयार करावा, अशी नम्र विनंती आहे. मसुदा मान्य होईपर्यंत दोन-तीन महाविद्यालयांनी स्वेच्छेने एखादा अल्पमुदतीचा वर्ग चालवून पाहण्यास कोणाचीच हरकत असणार नाही. उपदेश करणारे पुष्कळ झाले. तो रुजतो कसा हे पडताळून पाहणारे वैद्य आता घडवावे लागतील. त्याविना पहिले प्रयोजन केवळ व्याख्यानांच्या आरंभी उच्चारण्यापुरतेच उरेल.